मुलांच्या हातात पहिली तलवार कोणती द्यावी?



शिवजयंती जवळ आली की आमच्या भूमसारख्या तालुक्याच्या गावातही मुलांना लाठीकाठी, दांडपट्ट्याचे वेध लागतात. कराटेच्या क्लासला जाणारी मुले मोबाईलवर जपानी तलवारबाजी बघतात आणि विचारतात, "सर, तशी तलवार आपल्याकडं मिळंल का?" पालकांनाही प्रश्न पडतो. जत्रेत मिळणारी चकचकीत तलवार घ्यावी का? धार नाही म्हणजे ती सुरक्षित का? आजच्या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

धार नसलेली तलवार ही जुनीच गोष्ट आहे

आपल्याकडे ढाल-तलवारीचे हात शिकवताना सुरुवात फरीगदग्याने होते. फरी म्हणजे हलकी छोटी ढाल आणि गदगा म्हणजे चामड्याने मढवलेली काठी. वार कसा करायचा, कसा अडवायचा, पाय कुठे टाकायचा हे सगळे त्यावर शिकता येते, आणि चुकून लागला तरी निभावते. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केले. पण आखाड्यात कोणीही मुलाच्या हातात पहिल्या दिवशी पट्टा देत नाही. आधी काठी, मग बाकीचे.

जपानमध्येही हेच दिसते. तिथे सरावाची तीन साधने आहेत.

1. बोक्केन – ओकसारख्या कठीण लाकडाची, तलवारीच्या आकाराची. लांबी साधारण 100 सें.मी. जोडीने ठरावीक हात करायला वापरतात.
2. शिनाई – बांबूच्या चार पट्ट्या एकत्र बांधून केलेली. केंडो या खेळात अंगावर चिलखत आणि तोंडावर जाळी घालून हिने प्रत्यक्ष वार करतात.
3. इआइतो – जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, दिसायला खऱ्या तलवारीसारखी, पण धार नसलेली आणि वजनाला हलकी. ही फक्त एकट्याने सराव करण्यासाठी. दुसऱ्या तलवारीवर आपटली तर मोडू शकते.

म्हणजे मुलांनी व्हिडिओत पाहिलेली चकाकणारी तलवार पुष्कळदा इआइतो असते, आणि ती जोडीदारावर चालवण्यासाठी नसतेच. ही एक गोष्ट मुलांना सांगितली तरी निम्मा हट्ट कमी होतो.

वजन किती असावे?

केंडोच्या नियमांत मोठ्या पुरुषांची शिनाई किमान 510 ग्रॅमची आणि स्त्रियांची 440 ग्रॅमची लागते. आपल्या बाजारात अर्धा किलो खवा हातावर घेऊन बघा, साधारण तेवढेच वजन! खरी जपानी तलवार किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते. मोठी माणसे अर्ध्या किलोवर सराव करत असतील, तर चौथी-पाचवीच्या मुलाला किलोभराची लोखंडी तलवार कशाला? जड वस्तू जोरात फिरवली की ती मुलाच्या हातात राहत नाही, मूलच तिच्यामागे ओढले जाते. मनगट आणि खांदा दुखावतो आणि शेजारचा मुलगाही सापडतो.

मी मुलांची एक सोपी परीक्षा घेतो. काठी एका हातात धरून हात समोर सरळ करायचा आणि सावकाश दहा आकडे मोजायचे. टोक खाली झुकले किंवा थरथरले, तर ती काठी त्या मुलाला जड आहे. लांबीसाठी हात सैल सोडून काठी खाली धरायची. टोक जमिनीला टेकता कामा नये.

वर्गात करून बघा

साध्या यंत्रांच्या पाठात तरफ येते. तिथे हा उपक्रम छान जमतो. एक मीटरपट्टी घ्या. एका टोकाला ओली केलेली जाड सुती पट्टी घट्ट बांधा. दुसरे टोक हातात धरून मुलांना पट्टी हळूच वर-खाली करायला सांगा. मग तीच ओली पट्टी मुठीजवळ बांधून पुन्हा करायला सांगा. काट्यावर वजन दोन्ही वेळा सारखेच, पण पहिल्या वेळी पट्टी कितीतरी जड वाटते. पट्टी बोटावर तोलून तिचा समतोलबिंदू दोन्ही वेळा खडूने खूण करून दाखवा. समतोल मुठीच्या जितका जवळ, तितके शस्त्र हाताला हलके. म्हणून निवड करताना नुसता काटा बघू नका, तोलून बघा.

घेताना काय तपासावे?

- मूठ : शोभेच्या तलवारीत पाते मुठीच्या आत थोडेसेच गेलेले असते, कधी नुसते झाळलेले असते. जोरात फिरवली की पाते सुटून उडते. अशी तलवार भिंतीवर ठीक, सरावाला अजिबात नको.
- टोक : धार नसली तरी टोक डोळ्यात जाऊ शकते. ते गोल असावे किंवा कापड-चामड्याने मढवलेले असावे.
- लाकूड : रेषा सरळ असाव्यात, गाठ नसावी. बाभळीचे लाकूड मजबूत, पण लहान हाताला जड. वेत किंवा चांगला वाळलेला बांबू बरा.
- कुसळे : बांबू चिरला की कुसळ निघते. प्रत्येक सरावाआधी काठीवरून सुती फडके फिरवायचे. फडके अडकले की काठी बाजूला.
- धातू : बोथट लोखंडसुद्धा हाड मोडते. मुलांच्या जोडीच्या सरावात धातू नकोच.

कायद्याची बाजू

धारदार तलवारी बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय सणउत्सवाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. त्यात तलवारीबरोबर लाठ्या-काठ्यांचाही उल्लेख असतो. म्हणून मिरवणुकीत प्रात्यक्षिक करायचे असेल, तर शाळेने किंवा मंडळाने पोलीस ठाण्यात आधी लेखी परवानगी घ्यावी. सरावाची साधने शाळेतच कुलपात ठेवावीत, मुलांनी रस्त्याने मिरवत नेऊ नयेत.

पालकांना एक विनंती

मूल तलवार मागते तेव्हा त्याला सरळ "नाही" म्हणू नका. चांगली वेताची काठी आणून द्या आणि जाणत्या वस्तादांकडे पाठवा. मुलींनाही पाठवा. समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई यांच्या नावाने मुलींसाठी स्वसंरक्षण प्रशिक्षण चालते, त्याची चौकशी आपल्या शाळेत करा. "थांब" म्हटल्याबरोबर हात जागच्या जागी थांबतो का, एवढे वस्तादांना अधूनमधून विचारत जा. हात थांबायला लागला, की पुढचे साधन कधी द्यायचे ते वस्ताद सांगतील. तोवर काठीच बरी.