तळघरातला दवाखाना

हात मोडला तर दिसतो. ताप आला तर अंग चटकते. पण मन आजारी पडले तर? माणूस जेवत नाही, झोपत नाही, उगाच चिडतो. लोक म्हणतात, "त्याचा स्वभावच तसला!" पण तो आजारही असू शकतो. त्यावर इलाज करणारे डॉक्टर असतात.

न्यूयॉर्क हे अमेरिकेतले मोठे शहर. तिथल्या हार्लेम वस्तीत काळ्या वर्णाचे लोक दाटीने राहत. मजुरी कमी, घरभाडे जास्त. त्यात गोऱ्यांकडून पदोपदी अपमान. मन खचले तर जायचे कुठे? गरिबाला परवडेल असा मनाचा डॉक्टर जवळ नव्हता.

फ्रेडरिक वर्थम हे गोरे डॉक्टर. रिचर्ड राइट हे काळ्या वर्णाचे नामांकित लेखक. दोघांनी दवाखाना काढायचे ठरवले. पण पैसा मिळेना. तेव्हा सेंट फिलिप्स चर्चचे पाळक शेल्टन हेल बिशप पुढे आले. त्यांनी चर्चच्या इमारतीतले तळघर दिले. मार्च १९४६ मध्ये तिथे लाफार्ग दवाखाना सुरू झाला.

आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी तो उघडे. दिवसभर राबणाऱ्यांना तीच वेळ सोयीची. फी २५ सेंट, म्हणजे पाव डॉलर. तेवढेही नसले तरी कोणाला परत पाठवत नसत. गोरे आणि काळे डॉक्टर तिथे एकत्र, बिनपगारी काम करत.

डेलावेअर राज्यात तेव्हा गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या. गोऱ्या मुलांची बस एका काळ्या मुलीच्या दारावरून जाई. पण तिला बसमध्ये जागा नव्हती! पालक कोर्टात गेले. १९५१ साली तिथली मुले या तळघरात आणली. डॉक्टरांनी त्यांना बोलते केले. मग कोर्टात साक्ष दिली, "मुलांना असे वेगळे काढल्याने त्यांच्या मनाला इजा होते."

१९५२ साली पालक जिंकले. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली अशी वेगळी व्यवस्था बेकायदा ठरवली. त्या निकालात हाही खटला होता.

दवाखाना १९५८ साली बंद झाला. पण त्याने एक गोष्ट दाखवून दिली. खचलेल्या माणसाला इलाज हवा, धीर हवा. आणि त्याला खचवणारा अन्यायही दूर व्हायला हवा.

सांगा पाहू :
१. दवाखाना संध्याकाळी का उघडत असत?
२. मुलांच्या मनाला इजा कशाने होत होती?
३. आपल्या गावात कोणाला वेगळे बसवतात का? त्याला काय वाटत असेल?