कोड दोन, बिघाड एक

प्रश्न : माझी पोकलेन पैठण तालुक्यात तलावातला गाळ काढण्याच्या कामावर आहे. सकाळी मशीन झकास चालते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास दिवा लागतो, इंजिन ओढत नाही आणि स्क्रीनवर १००-४ आणि १०२-४ असे दोन कोड येतात. मेकॅनिकने लॅपटॉप लावून ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलला, मग आणखी एकदा बदलला. कोड पुसले की मशीन सुरळीत. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. आता तो म्हणतो, ईसीएमच गेला. लॅपटॉपला सगळं कळतं, तर दोष सापडत का नाही? आणि मुलाने आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलं आहे, त्याला हे काम शिकता येईल का?
— एक मशीनमालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ईसीएमची, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोलरची, ऑर्डर तूर्त थांबवा. तुमच्या पत्रात जे दोन कोड आहेत, त्यांतच बराचसा पत्ता लागतो.

बऱ्याच अवजड यंत्रांच्या इंजिनांत कोड दोन आकड्यांचा असतो. पहिला आकडा कुठली गोष्ट ते सांगतो, त्याला एसपीएन म्हणतात. १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर, १०२ म्हणजे टर्बोकडून इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर. दुसरा आकडा, एफएमआय, त्या गोष्टीची तक्रार काय ते सांगतो. आपल्याकडे पहिला आकडा वाचून पार्ट मागवतात आणि दुसरा सोडून देतात. पैसे वाया जातात ते इथेच. १००-१ आला असता तर त्याचा अर्थ ऑइल प्रेशर खरोखरच धोक्याच्या खाली गेलं आहे, इंजिन ताबडतोब बंद करा. १००-४ चा अर्थ वेगळा : सेन्सरच्या वायरवरून येणारा व्होल्टेज असायला हवा त्यापेक्षा कमी आहे. म्हणजे ही तक्रार ऑइलची नाही, विजेची आहे. तरीही साधा काट्याचा प्रेशर गेज लावून ऑइलची खात्री एकदा करून घ्या, कारण तिथे चूक झाली तर इंजिन जातं.

तुमचे दोन्ही कोड ४ वर संपतात आणि एकाच वेळी येतात. दोन वेगळे सेन्सर रोज दुपारी एकाच क्षणी बिघडतील, हे जवळपास अशक्य. मग दोघांत सामाईक काय आहे? असे प्रेशर सेन्सर बहुधा तीन वायरींचे असतात : एकीवर ईसीएमकडून ५ व्होल्ट, एक अर्थिंग, एक सिग्नल. अनेक इंजिनांत ५ व्होल्टची एकच लाइन दोन-तीन सेन्सरना वाटून दिलेली असते. एका मोटारीवर दोन शेतांची पाइपलाइन असली आणि मधे कुठे पाइप फुटला, की दोन्ही शेतांत पाणी कमी पडतं, तसं हे आहे. वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली की ५ व्होल्ट खाली बसतात आणि दोन्ही सेन्सर एकदम खोटं बोलू लागतात. हवेचं प्रेशर कळेना म्हटल्यावर ईसीएम इंजिन वाचवायला डिझेल कमी सोडतो. म्हणून तुमचं मशीन ओढत नाही. काही इंजिनं अशा वेळी ३५०९ हा सेन्सरच्या सप्लायचा कोडही देतात. मेकॅनिकला तो पाहायला सांगा.

आता दुपारच का? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यात इंजिनाची उष्णता आणि सायलेन्सरजवळून गेलेली वायरिंग. इन्सुलेशन मऊ पडतं, क्लिप तुटलेली असेल तर वायर हेलकावत एखाद्या पत्र्याच्या कडेवर घासते. रात्री सगळं थंड होतं, वायर सुटते आणि सकाळी मशीन निर्दोष दिसते. त्यामुळे तपासणी सकाळी केली तर काहीच सापडणार नाही. दुपारी, दिवा लागलेला असताना करा. आणि कोड पुसण्याआधी लॅपटॉपवर तो किती वेळा आला, किती तासांवर आला, तेव्हा तापमान किती होतं, हे लिहून घ्या. पुसलं की पुरावा गेला.

इंजिन बंद, चावी ऑन. ऑइल प्रेशरच्या सेन्सरचा कपलर काढा आणि वायरिंगच्या बाजूला ५ व्होल्टची पिन व अर्थिंगची पिन यांत मल्टिमीटर लावा. ५ च्या आसपास यायला हवेत. कमी आले तर मल्टिमीटर तसाच ठेवून त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढा. एखादा काढताच व्होल्टेजने वर उडी मारली, तर चोर तोच. सगळे काढूनही व्होल्टेज पडलेलाच राहिला, तर एकाने मीटर पाहावा आणि दुसऱ्याने वायरिंग इंजिनापासून ईसीएमपर्यंत वीत-वीत हलवत जावं. आकडा जिथे थरथरेल तिथली टेप सोडा. ईसीएमवर संशय घ्यायची वेळ सगळ्यात शेवटी : त्या लाइनची वायर ईसीएमच्या कपलरपासूनच वेगळी केली, बॅटरीचा सप्लाय आणि अर्थिंग पक्की आहे, आणि तरी ईसीएमच्या पिनवर ५ व्होल्ट येत नाहीत, तेव्हा. लॅपटॉप लागतो आहे आणि कोड वाचतो आहे, म्हणजे ईसीएम जिवंत आहे, बोलतो आहे, एवढं तरी आजच ठरलं.

लॅपटॉप लागलाच नाही, तर गोष्ट वेगळी. यंत्रातले कंट्रोलर एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात. ही कॅन नावाची पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली. वायरींच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी स्विच बंद करून नऊ पिनांच्या डायग्नॉस्टिक सॉकेटवर कॅनच्या (बहुधा सी आणि डी) पिनांमध्ये ओहम मोजा. ६० आले तर लाइन शाबूत. १२० आले तर एक टोक तुटलं आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या. पाच मिनिटांचं, फुकटचं काम आहे आणि ते न करता हजारो रुपयांचे कंट्रोलर बदलले जातात, याची मला खरोखर चीड येते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण आपल्या भागात सांगायलाच हवी. मातीखाली काळा पाषाण, त्यामुळे बकेटचे दात लवकर झिजतात आणि साइटवरच वेल्डिंग होतं. त्याआधी बॅटरीची जोडणी काढली होती का, हे ऑपरेटरला विचारा. वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प बकेटवरच, वेल्डच्या जवळ लावायचा. तो चेसिसला लावून बकेट वेल्ड केली, तर करंट अख्ख्या यंत्रातून वाट काढतो आणि ईसीएम खरोखरच जाऊ शकतो. इंजिनावर प्रेशरने पाणी मारतानाही कपलर वाचवा.

मुलाबद्दल : डिझेल मेकॅनिकचा पाया उत्तम आहे, त्याला विजेची जोड हवी. चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे मेकॅट्रॉनिक्सचं शिक्षण मिळतं. तिथे जाऊन सध्या कोणते वर्ग सुरू आहेत आणि प्रवेशाची अट काय, ते विचारा. तोवर तुमच्याच पोकलेनचा सर्किट डायग्राम मोठ्या कागदावर छापून घ्या आणि ५ व्होल्टची लाइन कुठून निघते, कुठल्या कपलरमधून जाते, कुणाकुणाला मिळते, हे त्याला रंगीत पेन्सिलीने काढायला लावा. या दुरुस्तीला तोच कागद लागणार आहे.