डब्याच्या झाकणाचा आवाज

पाथरीत एक कृषी सेवा केंद्र आहे. ते चालवणारा आणि हा लेख लिहिणारा माणूस एकच. पण ‘मी’ म्हटलं की माणूस आपलीच वकिली करायला लागतो, म्हणून त्याला इथं नुसतं ‘दुकानदार’ म्हणू या. गोष्ट त्याच्या पोटाची आहे.

२०१७चा खरीप. दुकानदाराने नेहमीसारखी बीटी कपाशीची पाकिटं उधारीवर दिली. आपल्याकडे पद्धतच ती: बी-बियाणं पेरणीला न्यायचं, पैसे कापूस घरात आल्यावर. दिवाळीच्या सुमारास शेतकरी खिशात बोंडं घालून दुकानात येऊ लागले. काउंटरवर बोंड ठेवायचं, अंगठ्याने दाबून फोडायचं आणि काही न बोलता दुकानदाराकडे बघायचं. आत गुलाबी अळी. त्या वर्षी महाराष्ट्रभर तिने थैमान घातलं. २००६पासून बाजारात असलेल्या बीजी-२ वाणांनाही ती जुमानेना. कापसाची कवडी झाली, कुणी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला. दुकानदाराची उधारी वहीतच राहिली आणि वरून डिस्ट्रिब्यूटरचे फोन सुरू झाले.

पहिले पंधरा दिवस त्याला भूकच लागली नाही.

डबा दुकानात यायचा आणि तसाच परत जायचा. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. पोटात गोळा आल्यासारखं वाटायचं. घरच्यांना वाटलं पित्त झालं. आलं-लिंबू, कोकम, मेडिकलमधल्या गोळ्या असं सगळं झालं. खरं तर त्याच्या पोटात तेच चाललं होतं जे वॉल्टर कॅनन या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये पाहिलं होतं. क्ष-किरण नुकतेच सापडले होते. कॅनन मांजरांना बिस्मथ कालवलेलं अन्न देऊन त्यांच्या जठराची हालचाल पडद्यावर बघत असे. मांजर निवांत असलं की जठरातून लाटा चालायच्या; ते बिथरलं की लाटा थांबायच्या. संकट समोर असताना शरीर पचनाचं काम बाजूला ठेवतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच हे संप्रेरक सुटतं, ते भूक दाबतं. अॅड्रेनॅलिनमुळे रक्त आतड्यांकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. वाघ मागे लागला असेल तर ही व्यवस्था उत्तमच. पण डिस्ट्रिब्यूटर काही वाघासारखा निघून जात नाही. तो उद्या पुन्हा फोन करतो.

डिसेंबरात भूक परत आली, ती व्याजासकट.

ताण आठवड्यांवर, महिन्यांवर गेला की कारभार दुसऱ्या संप्रेरकाच्या हाती जातो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून कॉर्टिसॉल पाझरत राहतं. त्याचं म्हणणं असं, की लढाई मोठी चालणार आहे, तर आधी रसद भरून ठेवा. दुकानदाराची रसद स्वयंपाकघरात फडताळाच्या खालच्या खणात होती. स्टीलच्या डब्यात लसणाची शेव, शेजारच्या डब्यात शंकरपाळ्या, आणि टोस्टचा पुडा.

रात्री एक-दीडला त्याला जाग यायची. दिवा लावला तर बायको उठेल म्हणून मोबाइलच्या उजेडात तो खाली बसायचा. डब्याचं झाकण घट्ट होतं, ओढलं की ‘टप्’ असा आवाज व्हायचा. दोन-चार रात्रींत त्याने युक्ती शोधली: डबा मांडीत घ्यायचा, तळहाताने झाकण मध्यभागी दाबायचं आणि दोन्ही अंगठ्यांनी कडा हळूहळू वर ढकलायची. आवाज होत नाही. पन्नाशीकडे झुकलेला, दोन पोरांचा बाप, स्वतःच्याच घरात स्वतःच्याच पैशांची शेव चोरून खात होता. एकेक मूठ करत पावशेर कधी संपली ते कळायचं नाही. चव विचाराल तर आठवत नाही.

“अहो, घरात उंदीर झालेत का?” एका सकाळी बायकोने विचारलं. डबा हातात होता आणि नजर दुकानदाराच्या पोटावर.

या जागी एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. टोपलीत ज्वारीची भाकर असायची, पातेल्यात वरण असायचं. दुकानदार रब्बीला ‘परभणी मोती’ ज्वारीचं बियाणं विकतो, तिचे गुणही लोकांना समजावून सांगतो. पण रात्री दीड वाजता त्याचा हात भाकरीकडे एकदाही गेला नाही. भूक असती तर भाकरही चालली असती. भूक आणि हाव ओळखायची याहून सोपी कसोटी दुकानदाराला अजून सापडलेली नाही. कॅलिफोर्नियातल्या एलिसा एपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१मध्ये ५९ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या स्त्रियांना मुद्दाम ताण येईल अशी कामं दिली आणि नंतर समोर खाणं ठेवलं. ताणाने ज्यांचं कॉर्टिसॉल जास्त उसळलं, त्यांनी ताणाच्या दिवशी जास्त खाल्लं, आणि गोडाकडे त्यांचा ओढा अधिक होता. गोड-तेलकट खाल्लं की मेंदूला घटकाभर बरं वाटतं, हे खरंच आहे. म्हणून तर सवय लागते.

त्यात जागरण. शिकागोत झालेल्या, २००४च्या एका प्रयोगात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या दिवसांच्या तुलनेत पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. दोन रात्रींत! दुकानदाराने तर चार महिने काढले.

मग त्याने नको तो उपाय केला. सोमवार आणि गुरुवार धरले, तेही कडक. दिवसभर काळा चहा, संध्याकाळी खिचडी. उपवास सुटायचा तेव्हा साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचं कूट आणि वर तूप अशी भरली ताटली, आणि रात्री पुन्हा डबा. म्हणजे उपवासाच्या दिवशी तो इतर दिवसांपेक्षा जास्त खात होता. दिवसभर पोट रिकामं ठेवणं हा शरीराच्या लेखी आणखी एक ताणच. आधीच घाबरलेल्या घोड्याला चाबूक मारल्यासारखं झालं.

गंमत अशी की हे चाललं होतं पाथरीत. साईबाबांचा जन्म इथला, असं आम्ही पाथरीकर मानतो. शिर्डीकरांना ते मान्य नाही आणि त्यावरून जानेवारी २०२०मध्ये शिर्डी बंदही झाली. तो वाद इथं नको. पण श्रीसाईसच्चरिताच्या बत्तिसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. शिमग्याच्या सुमाराला एक बाई तीन दिवस उपाशी राहून बाबांच्या पायाशी बसायचं ठरवून शिर्डीला आल्या. बाबांनी त्यांना दादा केळकरांच्या घरी पाठवलं: पुरणपोळ्या करा, त्यांच्या मुलाबाळांना वाढा आणि स्वतःही जेवा. दुकानदार दर गुरुवारी मंदिरात जायचा, रिकाम्या पोटी. पोथीही घरात होती.

मार्च २०१८मध्ये वार्षिक तपासणी म्हणून रक्त दिलं. उपाशीपोटी साखर ११८, एचबीए१सी ६.२. उपाशीपोटीची साखर १२६ला पोचली की मधुमेह म्हणतात. १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. कमरेचा घेर ९७ सेंटीमीटर. भारतीय पुरुषाला ९०, बाईला ८० ही मर्यादा धरतात. “पण माझं वजन तर फार नाही,” दुकानदार म्हणाला. हातपाय काड्या आणि पोट पुढे, अशी त्याची मूर्ती. डॉक्टर हसले आणि त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दोघांचा फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या आत चरबी दडलेली असते, आणि दीर्घकाळचं कॉर्टिसॉल ती नेमकी पोटात साठवायला मदत करतं. काट्यावरचा आकडा बघून निर्धास्त राहणाऱ्यांनी घरातली शिवणकामाची टेप काढावी. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. एक वही करायला सांगितली: रात्री काय खाल्लं, किती वाजता, आणि त्याआधी काय झालं होतं. दुकानदाराला वह्यांची सवयच. तीन आठवड्यांनी पानं उलटली तेव्हा त्याचाच त्याला अचंबा वाटला. ज्या रात्री शेव, त्या दिवशी दुपारचा डबा चुकलेला. आणि ज्या रात्री शेव, त्या रात्री जेवणानंतर उधारीची वही उघडलेली. जवळपास प्रत्येक वेळी.

तेव्हा त्याने जिभेशी भांडण सोडलं आणि दोनच गोष्टी बदलल्या. दुपारी दीडला शटर अर्धं खाली, डबा उघडायचा, गिऱ्हाईक आलं तर “बसा मामा, चार घास खाऊन घेतो, तुम्ही पण घ्या.” आणि उधारीची वही दुकानातच कुलपात, घरी आणायची नाही. रात्रीच्या जेवणानंतर सेलू रोडने अर्धा तास चालणं हे नंतर आलं, तेही बायको बरोबर निघाली म्हणून. शेवेचा डबा घरातून गेला नाही, कारण घरात पोरं आहेत. फक्त तो वरच्या फळीवर गेला. जागा बदलली की स्टूल आणावं लागतं, स्टूल आणेपर्यंत माणूस जागा होतो.

हे ज्याने त्याने आपापल्या घराप्रमाणे करावं. बायकांचं वेगळं असतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं पातेल्यातच खायचं, आणि दुपारी एकटेपणी चहाबरोबर खारी. त्यांची वही कोण लिहून घेणार? दुकानदाराच्या बायकोने लिहिली. तिचा चुकलेला घास सकाळचा निघाला.

उलटंही असतं, आणि ते जास्त काळजीचं. त्याच वर्षी एक ओळखीचा शेतकरी रोज दुकानात येऊन बसायचा. चहा मागवला की कप हातात धरायचा, साय धरेपर्यंत तसाच. शर्ट अंगावर सैल झाला होता. “जेवण जात नाही भाऊ, झोप बी नाही,” एवढंच म्हणाला. दुकानदाराने त्याला पित्ताची गोळी सुचवली नाही, कारण एव्हाना तो स्वतः शिकला होता. दोन आठवड्यांहून जास्त दिवस अन्न नको वाटणं, वजन उतरणं, पहाटे जाग येऊन पडून राहणं, कशातच मन नसणं, ही नैराश्याची लक्षणं असू शकतात. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी सरकारने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला, १०४ या क्रमांकावर बोलता येतं. २०२२पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे, मोफत. त्या दिवशी दुकानदाराने १०४ लावून फोन त्याच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन खताची पोती मोजत बसला. पुढच्या आठवड्यात ते दोघं परभणीला डॉक्टरकडे गेले. येताना मानवतला थांबून त्या माणसाने अर्धी प्लेट भजी खाल्ली. दुकानदाराने नुसता चहा घेतला.

वही अजून चालू आहे. मागच्या महिन्यातली शेवटची नोंद: मंगळवार, रात्री सव्वाबारा, शेव दोन मुठी, दुपारी डबा नाही, डिस्ट्रिब्यूटर. खाली बायकोच्या अक्षरात: झाकणाचा आवाज आला.