शकुंतलेचा मार्ग : एका रेल्वेरेषेचे वाचन

जुना रेल्वेमार्ग हा इतिहासाचा दस्तऐवज असतो. तो कोठून निघतो, कोठे वळतो आणि कोठे जाऊन मिळतो, हे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे तो कोणाच्या सोयीसाठी बांधला गेला, याचा उलगडा होतो. ‘शकुंतला’ या नावाने सर्वांना परिचित असलेल्या यवतमाळ–मूर्तिजापूर रेल्वेचा मार्ग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

या मार्गाची पूर्वपीठिका सातासमुद्रापलीकडे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. परंतु यवतमाळ त्यापासून दूर राहिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या पुढाकाराने अडीच फूट रुंदीचा अरुंद मार्ग बांधला गेला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, तर मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर असे त्याचे दोन भाग होते.

आता नकाशा समोर घ्यावा. यवतमाळहून मुख्य मार्गावरील जवळचे स्थानक म्हणजे धामणगाव. अंतर सुमारे ५० किलोमीटर. असे असता शकुंतला मात्र दारव्हा, कारंजा या कापूसपट्ट्यातील गावांवरून वायव्येस मूर्तिजापूरला जाई. मुंबईच्या दिशेने निघालेल्या गाठींना हा मार्ग सोयीचा होता. नागपूरला जाणाऱ्या माणसाला मात्र आधी पश्चिमेकडे जाऊन, गाडी बदलून, पुन्हा पूर्वेकडे परतावे लागे. मुख्य मार्गाची रुंदी साडेपाच फूट असल्याने प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला एका डब्यातून दुसऱ्या डब्यात हलवावी लागे. हा भार मजुरांच्या पाठीने वाहिला. कापूस वेचणारे आणि गाठी उचलणारे हात कोणाचे होते, हे रुळांवर कोरलेले नाही.

तरीही लोकांनी ही गाडी आपली मानली. अल्प भाड्यामुळे ती शेतमजूर, बाजारकरू आणि विद्यार्थी यांचा आधार झाली. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर धावले. त्यानंतर डिझेल आले. अलीकडच्या वर्षांत गाडी बंद पडली.

आज वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा नवा मार्ग आकारास येत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब या टप्प्यावर गाडी सुरू झाली. यवतमाळपुढे हा मार्ग दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड यांना जोडणार आहे. जुनी रेषा मालाला बंदराकडे नेणारी होती. नव्या रेषेने माणसांना शिक्षण, दवाखाना आणि रोजगार यांकडे न्यावे, ही रास्त अपेक्षा आहे.

आपल्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी एक काम हाती घ्यावे. शकुंतलेने प्रवास केलेली, तिच्या रुळांवर वा गोदामांत राबलेली वडीलधारी माणसे आज आपल्यात आहेत. त्यांच्याकडून स्थानकांची नावे, भाडे, मजुरी आणि प्रवासाची कारणे विचारून लिहून ठेवावीत. रुळांचा मार्ग नकाशात सापडेल. राबणाऱ्यांचा इतिहास मात्र आपणच लिहिला तर टिकेल.