‘ळ’चे तीन बिंदू : एक ब्रेल चिन्ह, अनेक भाषा

वाळवा, शिराळा, कवठे महांकाळ, खंडाळा, जावळी. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतील या तालुक्यांची नावे ‘ळ’वाचून लिहिता येत नाहीत. डोळस बालक हे अक्षर पाहून गिरविते. अंध बालक तेच बोटाच्या अग्राने ओळखते. प्राथमिक शाळेत असे बालक दाखल झाले म्हणजे शिक्षकास ब्रेलची निदान तोंडओळख असणे अगत्याचे ठरते. त्या दृष्टीने एकाच चिन्हाचा परिचय येथे करून दिला आहे.

१. चिन्हाची रचना

फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९–१८५२) याने आपली लिपी १८२९ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिच्या प्रत्येक घरात सहा बिंदूंना जागा असते. डाव्या उभ्या ओळीत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीत ४, ५, ६. या बिंदूंच्या निरनिराळ्या जुळणीतून एकूण ६३ चिन्हे होतात. उजव्या ओळीतील तिन्ही बिंदू, म्हणजे ४-५-६, उठविले की मराठीतील ‘ळ’ होतो.

ब्रेल ही भाषा नसून लिपी आहे. कोणत्या चिन्हाने कोणता ध्वनी दाखवावयाचा हे त्या त्या भाषेच्या संकेतावर अवलंबून असते.

२. निरनिराळ्या भाषांतील उपयोग

भारतात पूर्वी ब्रेलचे अनेक संकेत प्रचलित होते. त्यामुळे एका प्रांतातील अंध वाचकास दुसऱ्या प्रांतातील पुस्तक वाचणे दुरापास्त होई. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या विचारविनिमयानंतर १९५१ साली ‘भारती ब्रेल’ हा समान संकेत ठरला. समान ध्वनीस समान चिन्ह, हे त्याचे मुख्य सूत्र होय. म्हणून ४-५-६ हे चिन्ह मराठीप्रमाणेच गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ व मल्याळम या भाषांतही ‘ळ’चेच काम करते.

याचे महत्त्व जत तालुक्यात विशेष आहे. तेथे मराठीबरोबर कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. डोळस बालकास या दोन भाषांसाठी दोन वर्णमाला डोळ्यांनी ओळखाव्या लागतात. अंध बालकास मात्र बहुतेक सर्व चिन्हे दोन्हीकडे तीच भेटतात. ज्वारीला कन्नडमध्ये ‘जोळ’ म्हणतात. हा शब्द ज (२-४-५), ओ (१-३-५), ळ (४-५-६) असा लिहितात. मराठीतील ‘वेळ’ हा शब्द व (१-२-३-६), ए (१-५), ळ (४-५-६) असा होतो. काना, मात्रा, वेलांटी यांच्या जागी व्यंजनापुढे तो स्वरच येतो. मराठी शाळेतील शिक्षकास कन्नड येत नसले, तरी मुलाने लिहिलेला ‘जोळ’ तो तपासू शकेल.

इंग्रजीत मात्र ४-५-६ या चिन्हास स्वतंत्र ध्वनी नाही. संक्षिप्त इंग्रजी ब्रेलमध्ये ते पुढील अक्षराशी मिळून पूर्ण शब्द दर्शविते. त्याच्यापुढे ‘एम’ आला तर ‘मेनी’ आणि ‘डब्ल्यू’ आला तर ‘वर्ल्ड’ असे वाचतात. यावरून बालकाने आपण कोणत्या भाषेचे पान वाचीत आहोत हे प्रथम जाणणे आवश्यक ठरते.

३. ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील घोटाळा

‘ल’चे चिन्ह १-२-३ आहे. म्हणजे ‘ल’ डाव्या ओळीचा, ‘ळ’ उजव्या ओळीचा. आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे एक दुसऱ्याच्या उलट. ब्रेल पाटीवर कागदाच्या मागील बाजूने, उजवीकडून डावीकडे टोचून लिहितात आणि मग कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. त्यामुळे वाचताना उजवीकडे येणारा ‘ळ’ लिहिताना घराच्या डाव्या बाजूस टोचावा लागतो. ही दिशा चुकली की ‘वेळ’चा ‘वेल’ आणि ‘काळ’चा ‘काल’ होतो. इ (२-४) व ए (१-५), ओ (१-३-५) व औ (२-४-६), ह (१-२-५) व ज (२-४-५) या जोड्यांतही हाच धोका आहे.

अशा चुका वारंवार दिसल्या की बालकाचा उच्चार अशुद्ध आहे किंवा ते मंद आहे, असा ग्रह होण्याचा संभव असतो. वस्तुतः ‘वेळ’ व ‘वेल’ यांतील भेद त्यास कानाने पूर्ण ठाऊक असतो. चूक केवळ हाताच्या दिशेची असते. म्हणून गुण कापण्यापूर्वी शिक्षकाने तो शब्द तोंडी म्हणवून घ्यावा.

४. वर्गातील उपाय

एकट्या कागदावर उठविलेली तीन बिंदूंची उभी ओळ ‘ल’ की ‘ळ’, हे अनुभवी बोटासही सांगता येत नाही. शेजारचे घर हाच तिचा आधार. याकरिता सहाही बिंदूंचे चिन्ह, म्हणजे ‘ढ’, दोन्ही बाजूंस घ्यावे. ‘ढलढ’ यात मधली ओळ मागील ‘ढ’च्या जवळ लागते, ‘ढळढ’ यात पुढील ‘ढ’च्या जवळ. हे अंतर बोटास पटले की मगच शब्द द्यावेत. सहा कळांचे ब्रेल यंत्र असल्यास दिशा उलटत नाही. डाव्या हाताच्या तीन बोटांनी ‘ल’ व उजव्या हाताच्या तीन बोटांनी ‘ळ’ उठतो.

अंध बालकास सर्वांत योग्य अशा भाषेतून व माध्यमातून शिक्षण मिळावे, अशी तरतूद २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात आहे. ती वर्गात उतरविण्याचे काम शेवटी शिक्षकाकडेच येते आणि त्याचा आरंभ अशा एका अक्षरापासूनही होऊ शकतो.

स्वाध्याय

(१) क (१-३), आ (३-४-५) ही चिन्हे घेऊन ‘काळ’ व ‘काल’ हे शब्द बिंदूंच्या अंकांत लिहा.
(२) हिंदीतील ‘होली’ व मराठीतील ‘होळी’ यांच्या ब्रेललेखनात कोणते एकच घर बदलते?
(३) आपल्या तालुक्यातील ‘ळ’ असलेल्या पाच गावांची नावे मुलांकडून सांगवून घ्या व ब्रेलमध्ये लिहवून घ्या.