शाळेची सामाईक बाग : भाजी, फुले आणि श्रमाचा पाठ

मौदा तालुक्यातील मूल शाळेत येते तेच मुळी शेतीचे पुष्कळसे ज्ञान घेऊन. कन्हानचा काठ, धानाच्या बांध्या, रोवणीची धांदल ही त्याच्या नित्य परिचयाची असतात. मग अशा मुलाला शाळेने बाग कशासाठी द्यावी? शेतात ते वडीलधाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे काम करते. शाळेच्या वाफ्यात त्याने स्वतः मोजावे, निवडावे, नोंदवावे आणि आलेले पीक सर्वांसह वाटून घ्यावे. हा भेद शिक्षकाच्या दृष्टीआड झाला, तर बाग ही मुलांची फुकटची मजुरी ठरते.

हा विचार विदर्भातच रुजला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाद्वारे शिक्षणाची कल्पना मांडली. पुढे सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत सूतकताईप्रमाणेच शेती व भाजीपाला ही शिक्षणाची माध्यमे झाली. आता शाळेतील दुपारच्या आहारामुळे त्यास नवे प्रयोजन लाभले आहे. सकाळी खुडलेली मेथी दुपारी सर्वांच्या ताटात पडते.

जागा व वाफे : दहा मीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे सुमारे एक गुंठा जागा पुरेशी आहे. वाफा २ मीटर लांब व १ मीटर रुंद असावा. दोन्ही बाजूंनी मुलांचा हात मध्यापर्यंत पोचतो व मातीवर पाय द्यावा लागत नाही. भारी काळ्या मातीत पावसाचे पाणी साचून मुळे सडतात. यास्तव पावसाळ्यात गादीवाफे व हिवाळ्यात सपाट वाफे करावेत.

लागवड : पावसाळ्यात भेंडी, चवळी व कुंपणावर दोडका घ्यावा. हिवाळ्यात मेथी, पालक, सांभार, मुळा, वांगी व टमाटर लावावेत. मेथी तीन-चार दिवसांत उगवते व महिनाभरात काढणीस येते. म्हणून लहान वर्गांस तीच द्यावी. टमाटराच्या कडेने झेंडू अवश्य लावावा. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूकडे आकर्षित होऊन तेथे अंडी घालतो. फुले शोभेसाठीच नसतात, हे मुलांना येथे प्रत्यक्ष दिसते.

पाठांशी सांगड : एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी पसरले, तर त्याची उंची १ मिलिमीटर भरते. तेव्हा १० मिलिमीटर पाऊस म्हणजे आपल्या वाफ्यावर २० लिटर, अर्थात १० लिटरच्या दोन बादल्या. वर्तमानपत्रातील पावसाचा आकडा अशा रीतीने बादलीत मोजता येतो. लाल भोपळ्याच्या मादी फुलामागे इवलेसे फळ असते. नर फुलामागे ते नसते. सकाळी फुले उमललेली असताना वर्ग तेथे न्यावा व मधमाशीचे काम दाखवावे. पेरणीची तारीख, उगवण, पाणी व वजन यांची वही प्रत्येक गटाने ठेवावी. एखादा वाफा वाळला, तरी त्याचे कारण वहीत यावे.

दक्षता : बागेतील काम शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. शिक्षा म्हणून उपटलेल्या तणासोबत श्रमाविषयीचा आदरही उपटला जातो. मुलींनी झाडावे व पाणी आणावे, मुलांनी कुदळ धरावी. अथवा खत कालवण्याचे काम ठराविक घरच्या मुलांकडेच जावे, अशी वाटणी नकळत घडते. ती मोडण्यासाठी कामांची पाळी दर आठवड्यास फळ्यावर लिहावी व खतापासून हिशोबापर्यंत प्रत्येक काम प्रत्येक मुलाच्या वाट्यास यावे. विषारी औषधे शाळेत आणू नयेत. किडीसाठी ५० ग्रॅम निंबोळीचा चुरा १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावा. हात धुण्याचे पाणी चर काढून वाफ्यांकडे वळवावे. भाजी प्रथम सर्वांच्या जेवणात जावी. उरल्यास आळीपाळीने घरी द्यावी.

उन्हाळ्याच्या सुट्टीत रोपे जगवण्याचा अट्टाहास नको. आपल्याकडील कडक उन्हात मोकळी माती तापते व भेगाळते. तिच्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. तत्पूर्वी चवळी व भेंडीच्या काही शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. बी कागदी पाकिटात भरून त्यावर नाव, तारीख व वाफ्याचा क्रमांक लिहावा. शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाने ही पाकिटे व वही खालच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. ज्याचे पीक आपण पाहणार नाही, असे बी जपून ठेवणे हा या बागेचा अखेरचा पाठ होय.