साग, टीक आणि 'बर्मा' : घरगुती लाकडाच्या नावांविषयी

घरातील पलंग, कपाट, देव्हारा वा दाराची चौकट ज्या टणक लाकडाची केलेली असते, त्याला मराठीत झाड म्हणून 'साग' व लाकूड म्हणून 'सागवान' म्हणतात. वखारीत मात्र तेच लाकूड 'टीक' होते आणि त्यामागे 'सी.पी.' किंवा 'बर्मा' असे देशवाचक विशेषण लागते. ही विशेषणे लाकडाचे मूळ सांगण्यासाठी योजलेली असली, तरी ती लाकडापेक्षा इतिहासाचीच साक्ष अधिक देतात. सी.पी. म्हणजे मध्यप्रांत, तो प्रांत नकाशावरून जाऊन सत्तर वर्षे उलटली, पण चंद्रपूर-बल्लारशाकडील सागाला त्याचे नाव अद्याप चिकटलेले आहे.

'साग' हा संस्कृत 'शाक' शब्दापासून आला. पुराणांतील शाकद्वीपाचे नाव याच वृक्षावरून पडले आहे. अरबी-फारसीतील 'साज' व बंगालीतील 'सेगुन' हे याच कुळातले. दक्षिणेतील परंपरा निराळी : तमिळ व मलयाळममध्ये 'तेक्कु', तेलुगूत 'टेकु', कन्नडात 'तेग'. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी हा शब्द उचलून त्याचा 'तेका' केला, इंग्रजांनी 'टीक'. मलबारातून मुंबईस यावयाला या शब्दाला युरोपाचा वळसा पडला, ही गंमत भाषाभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

परमुलखातील लाकडाची गरज इंग्रजांमुळेच निर्माण झाली, असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लागणारा साग स्वराज्यातील अरण्यांतून परवानगीने तोडावा व कमी पडेल ते लाकूड बाहेरून विकत आणावे, अशा आशयाची आज्ञा आहे. आंबा-फणसाला हात लावू नये, हेही तेथेच बजावले आहे. मलबारचा कलेक्टर कॉनोली याने १८४० च्या दशकात चातू मेनन यांच्या साहाय्याने निलंबूर येथे सागाची लागवड केली, तिच्यामागेही जहाजबांधणीचीच चिंता होती.

'बर्मा' या विशेषणाची कथा अधिक गंभीर आहे. १८५२ मध्ये पेगू इंग्रजांच्या ताब्यात आले व तेथील सागाची अरण्ये सरकारी झाली. ओला साग पाण्यात तरंगत नाही. म्हणून बुंध्याभोवती साल व बाहेरचे लाकूड वर्तुळाकार छेदून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळू देत, मग तोडीत. हत्ती ओंडके ओढ्यांपर्यंत आणीत आणि पावसाळी पूर त्यांना इरावतीच्या मार्गाने रंगूनकडे नेत असे. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे पुढे स्वतंत्र उत्तर ब्रह्मदेशातील अरण्यांचेही ठेके आले. मोजणीत चुकवाचुकवी करून ओंडके नेल्याचा आरोप ठेवून १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने कंपनीस सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. फ्रेंचांच्या हालचालींची धास्ती इंग्रजांना होतीच. दंडाचे निमित्त मिळाले. नोव्हेंबरात युद्ध झाले आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश खालसा झाला. राजा थिबा रत्नागिरीस आला तो कायमचा. १९१६ मध्ये तेथेच निवर्तला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आणि गिरगावातील एखाद्या जुन्या घरातील बर्मा टीकचे कपाट यांचा संबंध एवढा निकटचा आहे. आपल्या वाङ्मयात मात्र थिबा करुण परदेशस्थ राजा म्हणूनच येतो, लाकडाचा विषय सहसा निघत नाही.

म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडक्यांची निर्यात बंद केली. आता भारतात येणाऱ्या सागाचा मोठा भाग आफ्रिकेतील व लॅटिन अमेरिकेतील लागवडींचा असतो : घाना, टांझानिया, इक्वाडोर, पनामा. लागवडीचा साग लवकर तोडला जातो. त्यात कोवळे पांढरे लाकूड अधिक आणि वाळवीला दूर ठेवणारे तेल कमी असते, म्हणून जुने नाव सांगून नवा माल खपविण्याचा मोह वखारवाल्यांना होतो. तथापि हे नाव प्रत्येक वेळी सर्वस्वी खोटे असते, असेही म्हणता येत नाही. १९१३ मध्ये ब्रह्मदेशातील तेनासरीमचे सागाचे बी त्रिनिदाद बेटावर नेऊन पेरण्यात आले आणि मध्य अमेरिकेतील काही बनांचे बी त्रिनिदादहून गेले. तशा बनातला ओंडका आज कांडला बंदरात उतरला, तर त्याला 'बर्मा' म्हणणारा व्यापारी नकळत त्याची वंशावळ सांगत असतो.